कोण बोललं, ते लक्षात ठेवा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थिनी-विद्यार्थ्यांनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. या पदवीमागे तुमची मेहनत आहे आणि तुमच्या घरच्यांची ओढाताणही आहे. कुणाच्या आईने भिशीचे पैसे परीक्षेच्या फीला दिले असतील, कुणाच्या मोठ्या भावाने स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सोडून तुमचं पुरं होऊ दिलं असेल. आजचा मान त्यांचाही आहे.

उद्यापासून तुमच्यातले कुणी शाळेत शिकवतील, कुणी बँकेत, तहसील कार्यालयात, कोर्टात, कारखान्यात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होतील, कुणी गावी परतून शेती आणि ग्रामपंचायत बघतील. काम कोणतंही असो, ते एकट्याने होणार नाही. चारचौघांत बसून, बोलून, ऐकूनच ते करावं लागेल. इतकी वर्षं सामाजिक मानसशास्त्र शिकवताना ज्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त धरून ठेवलं, तो या चारचौघांबद्दलचाच आहे. समूहात कोण काय बोललं, हे आपण कसं टिपतो आणि कसं विसरतो? आणि त्या समूहात कोण किती जण आहेत, कोण कुठे बसलं आहे, कुणावर कोणता शिक्का बसला आहे, यावर आपलं हे टिपणं-विसरणं किती अवलंबून असतं? आज मी याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. माझ्या मते तो स्मरणशक्तीचा जेवढा आहे, त्याहून जास्त न्यायाचा आहे.

१९७८ साली अमेरिकेत शेली टेलर, सुझन फिस्क, नॅन्सी एटकॉफ आणि ऑड्री रुडरमन या चौघींनी या विषयावरचे त्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. रचना अगदी साधी होती. सहा पुरुष चर्चा करत आहेत, तीन गोरे आणि तीन कृष्णवर्णीय. चर्चा टेपवर ऐकू येते, आणि जो बोलतो आहे त्याचा फोटो त्याच वेळी पडद्यावर दिसतो. चर्चा संपली की ऐकणाऱ्यांपुढे सहाही जणांचे फोटो आणि चर्चेतली वाक्यं ठेवायची आणि एवढंच विचारायचं: हे वाक्य कुणाचं?

चुका झाल्या, आणि त्या होणारच होत्या. सहा अनोळखी माणसांची बोलणी कुणाला तंतोतंत आठवणार? पण त्या चुकांना एक वळण होतं. कृष्णवर्णीय माणसाचं वाक्य चुकलं, तर ते बहुतेक वेळा दुसऱ्या कृष्णवर्णीयाच्या नावावर जाई. गोऱ्याचं दुसऱ्या गोऱ्याच्या नावावर. आता यातलं गणित पाहा. माझं वाक्य चुकून माझ्याच गटातल्या कुणाच्या नावावर टाकायचं, तर त्यासाठी माणसं दोनच उरतात. दुसऱ्या गटात ती तीन आहेत. नुसता अंदाजपंचे कारभार असता, तर जास्त चुका दुसऱ्या गटाकडे जायला हव्या होत्या. घडलं नेमकं उलट. स्त्रिया आणि पुरुष एकत्र चर्चा करत होते, तेव्हाही हेच दिसलं. बाईचं वाक्य बाईकडे गेलं, पुरुषाचं पुरुषाकडे.

याचा अर्थ, ऐकणाऱ्याच्या मनाने प्रत्येक वाक्यासोबत एक पत्ता लिहून ठेवला होता. त्यात गाव स्पष्ट होतं आणि घराचा नंबर पुसट. पत्र बरोबर गावात पोचत होतं, घर चुकत होतं. आणि ज्याचं घर चुकलं, त्याच्या दृष्टीने ते पत्र हरवलेलंच असतं.

प्रयोगशाळेतली ही चूक रोजच्या कामात कशी दिसते, ते सांगते. मी एका शैक्षणिक समितीवर होते. त्या समितीत आम्ही दोघीच बायका होतो. दुसऱ्या बाई रसायनशास्त्राच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, उंच, मोजकंच बोलणाऱ्या. आमच्या दोघींत साम्य शोधायला गेलं, तर साडीखेरीज काही सापडलं नसतं. तरी त्यांना माझ्या नावाने आणि मला त्यांच्या नावाने हाक मारली जाई. एकदा त्यांनी सुचवलं, की प्रात्यक्षिक परीक्षेची शेवटची तुकडी शेवटच्या एसटीच्या आधी सुटली पाहिजे, कारण तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या मुली त्या गाडीसाठी प्रयोग अर्धवट टाकून पळतात. सूचना मान्य झाली. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचलं गेलं. सर्व पुरुष सदस्यांच्या सूचना त्यांच्या नावानिशी होत्या. या सूचनेपुढे लिहिलं होतं, ‘महिला सदस्यांनी सूचना केली.’ त्या बाईंनी शांतपणे दुरुस्ती मागितली आणि ती झाली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकते. आणि माझं आजचं सांगणं इथूनच सुरू होतं. हेतू चांगला असूनही नाव पुसलं जातं. म्हणून हेतूच्या भरवशावर राहून भागणार नाही.

असं का होतं, हे समजून घ्यायला हेन्री ताजफेल यांच्याकडे जावं लागतं. ते पोलंडमधल्या एका ज्यू कुटुंबात १९१९ साली जन्मले आणि शिकायला फ्रान्सला गेले. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच सैन्यात दाखल झाले आणि जर्मनांच्या हाती सापडले. कैदेत ते स्वतःला फ्रेंच म्हणवत राहिले. पोलंडचे ज्यू म्हणून ओळख उघडी पडली असती, तर त्यांचा शेवट ठरलेला होता. युद्ध संपून परतले, तेव्हा जवळच्या माणसांपैकी जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. माणसावर लागलेला शिक्का त्याच्या बाकीच्या सगळ्या गुणांवर कशी मात करतो, हे ज्याने असं भोगलं, तो पुढे मानसशास्त्रज्ञ झाला आणि त्याने आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला.

१९६३ साली त्यांनी ए. एल. विल्क्स यांच्यासोबत केलेला प्रयोग माणसांवर नव्हता, रेषांवर होता. कमी-जास्त लांबीच्या आठ रेषा एकेक करून दाखवायच्या आणि लांबीचा अंदाज विचारायचा. काही जणांना दाखवताना चार आखूड रेषांवर एक अक्षर लिहिलं आणि चार लांब रेषांवर दुसरं. रेषा त्याच. पण अक्षर आल्याबरोबर या दोन गटांमधला फरक लोकांना प्रत्यक्षात होता त्यापेक्षा मोठा दिसू लागला. ज्या रेषेशी कुणाचं काही देणं-घेणं नाही, तिच्यावर एक अक्षर चिकटवलं तरी डोळा बदलतो. मग माणसाच्या आडनावाचं, बोलीचं, कपाळावरच्या कुंकवाचं किंवा डोक्यावरच्या टोपीचं काय होत असेल? गट पाडणं ही मनाची सोय आहे. तिच्याशिवाय गर्दीच्या जगात आपलं पाऊल पुढे पडणार नाही. पण त्या सोयीची किंमत दरवेळी तीच माणसं मोजतात, ज्यांच्यावर शिक्का ठळक असतो.

आणि शिक्का कधी ठळक होतो? हे त्या माणसावर कमी, आजूबाजूच्या माणसांवर जास्त ठरतं. टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेही दिसलं. त्याच बाई, तेच बोलणं. पण सगळ्या पुरुषांत त्या एकट्या असल्या की त्या जास्त बोलल्यासारख्या वाटतात, त्यांचं वागणं जास्त नजरेत भरतं, आणि त्यांच्याबद्दलचं मतही टोकाचं होतं. संख्या बरोबरीला आली की तीच व्यक्ती साधी, चार जणांसारखी दिसू लागते. रोझाबेथ मॉस कॅन्टर यांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीचा अभ्यास करून १९७७ साली याच गोष्टीवर पुस्तक लिहिलं. शंभरात पंधरा किंवा त्याहून कमी प्रमाण असलेल्यांना तीन गोष्टी सोसाव्या लागतात, असं त्यांनी मांडलं. एक, त्यांच्यावर सतत प्रकाशझोत राहतो. दोन, ते असले की बहुसंख्य लोक आपलं वेगळेपण अधिक ठसवू लागतात. तीन, त्यांना तयार साच्यांत कोंबलं जातं. ऑफिसातली बाई एक तर सगळ्यांची आई होते, नाही तर कडक बाई. तिचं तिसरं रूप कुणी पाहायला तयार नसतं.

प्रकाशझोत असणं आणि दिसणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे नीट लक्षात घ्या. मेकॅनिकलच्या वर्गातली एकटी मुलगी, वैद्यकीय महाविद्यालयातला एकटा आदिवासी विद्यार्थी, सोसायटीच्या सभेतला एकच मुसलमान सभासद, पुण्यात शिकायला आलेली मणिपूरची मुलगी. ही माणसं सगळ्यांच्या नजरेत भरतात. त्यांची गैरहजेरी लगेच कळते, त्यांची चूक वर्षानुवर्षं सांगितली जाते. पण त्यांचं म्हणणं? त्यांच्या आवडीनिवडी? ‘तो कोट्यातला,’ ‘ती हॉस्टेलवाली,’ ‘ते नॉर्थ-ईस्टवाले’ एवढ्यावर ओळख थांबते.

चुकांचा हिशोबही वेगळा होतो. बहुसंख्यांपैकी एक जण उशिरा आला, तर ‘तो जरा आळशीच आहे’ असं आपण म्हणतो. अल्पसंख्यांपैकी एक जण उशिरा आला, तर ‘हे लोक असेच’ असं म्हणतो. जॉर्ज क्वात्रोन आणि एडवर्ड जोन्स यांनी १९८० साली प्रिन्स्टन आणि रट्गर्स या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं. एकाच विद्यार्थ्याने केलेली एक साधी निवड दाखवायची, आणि विचारायचं, याच्या विद्यापीठातले बाकीचे काय निवडतील? तो दुसऱ्या विद्यापीठाचा आहे असं सांगितलं, की पाहणारे एकावरून सगळ्यांबद्दल अधिक बेधडक अनुमान काढत. आपल्यातले सगळे वेगवेगळे. त्यांच्यातले सगळे सारखे. दोन्हीकडची मुलं एकाच राज्यातली, एकाच वयाची होती.

तुम्ही म्हणाल, की परक्या लोकांचे चेहरे आम्हाला खरोखरच सारखे दिसतात. तो डोळ्यांचा दोष, त्याला काय करणार? याचं उत्तर देणारा एक अभ्यास आहे. कोरियात जन्मलेली काही मुलं तीन ते नऊ वर्षांच्या वयात फ्रेंच कुटुंबांनी दत्तक घेतली होती. ती मोठी झाल्यावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांची चेहरे ओळखण्याची क्षमता तपासली गेली. त्यांना युरोपीय चेहरे आशियाई चेहऱ्यांपेक्षा अधिक अचूक ओळखता येत होते. जन्म कोरियातला, आरशात दिसणारा चेहरा कोरियन, पण डोळा ज्या अंगणात वाढला त्या अंगणाचा झाला. हा सोबतीचा परिणाम आहे. म्हणजे सोबत बदलली तर डोळाही बदलतो.

हा दोष किरकोळ नाही. कायद्याचे पदवीधर आज इथे आहेत, त्यांनी हे खास ऐकावं. १९८४ साली अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यात एका गोऱ्या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. तशाही प्रसंगात तिने धैर्याने गुन्हेगाराचा चेहरा निरखून ठेवला, जिवंत राहिले तर याला ओळखायचंच, या निश्चयाने. नंतर तिने एका कृष्णवर्णीय तरुणाला पूर्ण खात्रीने ओळखलं. तो साधारण साडेदहा वर्षं तुरुंगात राहिला. १९९५ साली डीएनए तपासणीने सिद्ध झालं, की तो निर्दोष होता. खरा गुन्हेगार मधल्या एका सुनावणीत तिच्यासमोर कोर्टात आणला गेला होता, आणि तिने त्याला ओळखलं नव्हतं. ती खोटं बोलली नाही. तिने मन लावून पाहिलं होतं आणि पुढे तिने सत्याला सामोरं जाण्याचं मोठेपणही दाखवलं. प्रामाणिक माणसाचीही नजर परक्या गटाच्या चेहऱ्यापाशी फसू शकते, हे ज्या पोलिसाला, वकिलाला आणि न्यायाधीशाला माहीत आहे, तोच ओळख परेड नीट घेईल आणि तिचं मोल नीट तोलेल.

आता आपल्या मातीकडे येते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव नोंदलं गेलं. महाराष्ट्रात हा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, की शाळेत त्यांना वर्गातल्या क्रमांकाप्रमाणे बसता येत नसे. एका कोपऱ्यात वेगळं बसावं लागे, वेगळ्या गोणपाटावर. ते गोणपाट शाळेचा नोकर शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. या व्यवस्थेने काय केलं, ते पाहा. वर्गात मुलं क्रमांकाने बसतात, तेव्हा कोण हुशार आहे हे रोज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं. एका मुलाला त्या क्रमातून उचलून कोपऱ्यात बसवलं, की वर्गाला त्याचा क्रमांक दिसेनासा होतो आणि जात तेवढी दिसत राहते. नजर अशी घडवली जाते. कुणीतरी ठरवतं कोण कुठे बसणार, आणि मग वर्ग तेच शिकतो.

आणि ज्याच्यावर ही नजर रोखलेली असते, त्याचं काय होतं? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सवर्ण आणि दलित घरांतल्या शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे मिळणार होते. जिथे जातीचा उल्लेख नव्हता, तिथे दोन्ही गटांतली मुलं जवळजवळ सारखीच कोडी सोडवत होती. जिथे सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, बापजाद्यांची नावं आणि जात वाचून दाखवली, तिथे दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच, कोडी तशीच. फक्त खोलीतली हवा वेगळी होती. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मी तो दरवर्षी वर्गात शिकवते आणि दरवर्षी वर्गातली काही मुलं खाली मान घालून ऐकतात. त्यांना ही हवा माहीत असते.

खोली माणसांनी मांडलेली असते, म्हणून ती पुन्हा वेगळी मांडता येते. माझी आशा यावरच उभी आहे, आणि तिला पुरावा आहे.

रॉबर्ट कुर्झबान, जॉन टूबी आणि लिडा कॉस्मिडेस यांनी २००१ साली ‘हे वाक्य कुणाचं?’ हाच प्रयोग थोडा बदलून केला. दोन बास्केटबॉल संघांतल्या खेळाडूंचं भांडण चालू आहे, आणि दोन्ही संघांत गोरे आणि कृष्णवर्णीय मिसळलेले आहेत. खेळाडूंना आपापल्या संघाच्या रंगाच्या जर्सी घातल्या, की पाहणाऱ्यांच्या चुका संघाप्रमाणे पडू लागल्या आणि कातडीच्या रंगाप्रमाणे पडणाऱ्या चुका कमी झाल्या. याला चार मिनिटंही लागली नाहीत. शतकानुशतकं पोसलेली नजर, आणि सामायिक बाजू समोर आल्यावर इतक्या थोड्या वेळात ती सैल पडली. स्त्री-पुरुष हा भेद मात्र इतक्या सहज हटला नाही, हेही त्याच प्रयोगात दिसलं. ती गाठ अधिक घट्ट आहे.

उत्तर प्रदेशच्याच ग्रामीण भागात मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेटचे सामने भरवले. काही संघ मिश्र होते, काही एकाच जातीचे. एका संघातून खेळलेल्यांच्या जातीबाहेर मैत्र्या वाढल्या. पण जे केवळ प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर आले, त्यांच्यात उलट अंतर पडलं. नुसतं एकत्र येणं पुरत नाही. एकाच बाजूने, एकाच कामासाठी एकत्र यावं लागतं. तुमच्यातला जो कुणी उद्या टीम बनवेल, शिफ्ट लावेल, वर्गात गट पाडेल, त्याच्या हातात ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातला अभ्यास तर प्रत्येक भारतीय पदवीधराला माहीत असावा. तिथे ग्रामपंचायतींची एक तृतीयांश प्रधानपदं स्त्रियांसाठी राखीव असत आणि कोणत्या गावावर आरक्षण पडेल, हे कुणाच्या मर्जीवर नव्हतं. एस्थर डफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना एका प्रधानाचं भाषण ऐकवलं. मजकूर एकच, काहींना पुरुषाच्या आवाजात आणि काहींना बाईच्या. ज्या गावांनी कधी स्त्री-प्रधान पाहिली नव्हती, तिथल्या पुरुषांना बाईच्या आवाजातलं तेच भाषण कमी दर्जाचं वाटलं. जिथे स्त्रीने पूर्वी कारभार केला होता, तिथे हा पूर्वग्रह उरला नव्हता. महत्त्वाची गोष्ट अशी, की ‘प्रधान पुरुषच असावा’ ही पुरुषांची आवड मात्र बदलली नव्हती. आवड तीच राहिली, कान मात्र नीट ऐकू लागला. आणि आरक्षण दोनदा येऊन गेलेल्या गावांत पुढे खुल्या जागांवरही अधिक बायका निवडून येऊ लागल्या. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे पती बसतात, अशी तक्रार आपण ऐकतो, आणि ती अनेक ठिकाणी खरी आहे. पण जिथे बाई स्वतः खुर्चीत बसते, तिथे गावाचा कान तयार होत असतो, हेही तितकंच खरं आहे.

म्हणून ‘मी जातपात, स्त्री-पुरुष काही बघतच नाही’ असं म्हणून कुणाची सुटका नाही. असं म्हणणाऱ्याच्या मनातही वाक्यं चुकीच्या घरी जात असतात. फक्त त्याला ते कळत नाही. आणि माणसाने आपली ओळख पुसून आपल्यासमोर यावं, अशी मागणी करण्याचा अधिकारही आपल्याला नाही. ज्याला आपल्या समाजाचा अभिमान आहे, त्याने तो खुशाल मिरवावा. आपलं काम एवढंच, की त्या ओळखीच्या पुढे जाऊन माणूस पाहायचा.

हे कसं करायचं? उपाय मोठे नाहीत. शिक्षक व्हाल, तर पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचं नाव आणि त्याची एक स्वतःची गोष्ट शिका, आणि बसण्याच्या जागा बदलत राहा. डॉक्टर, नर्स व्हाल, तर राउंडला ‘बेड नंबर सात’ म्हणू नका. पत्रकार व्हाल, तर एका गुन्हेगाराच्या बातमीत त्याची जमात शीर्षकात घालण्याआधी विचारा, की गुन्हेगार आपल्यातला असता तर घातली असती का? मुलाखत घ्यायला बसाल, तर उमेदवार समोर असतानाच प्रत्येकाबद्दल वेगळी नोंद करा. संध्याकाळी आठवून लिहाल, तेव्हा मन गटाप्रमाणे भरून काढील. माणसं नेमायचा अधिकार मिळाला, तर कुणालाही एकटं पाडू नका. एकीच्या जागी तिघी असू द्या, म्हणजे त्यांना ‘महिला प्रतिनिधी’ होण्यातून सुटका मिळेल आणि त्या नुसत्या आपल्या कामाने ओळखल्या जातील.

आणि ज्यांच्या वाट्याला त्या खोलीत एकटं असणं येणार आहे, त्यांना मला सांगायचं आहे: तुम्ही तुमच्या सगळ्या समाजाचे वकील म्हणून तिथे गेलेले नाही. चुकण्याचा जेवढा अधिकार शेजारच्या खुर्चीला आहे, तेवढा तुम्हालाही आहे. तुमची सूचना दुसऱ्याच्या नावावर गेली, तर दुरुस्ती मागा. त्या रसायनशास्त्राच्या बाईंनी मागितली तशीच, आवाज न चढवता आणि मागे न हटता. ती मागणी मानापमानाची नाही. कागदावर जे खरं आहे तेच राहावं, एवढीच ती आहे. आणि बाजूला बसलेल्यांनो, ही दुरुस्ती त्यांना मागावी लागू नये. ‘हे आत्ता यांनी सुचवलं होतं,’ हे वाक्य तुमच्या तोंडून आधी यावं.

आपल्या गावोगावच्या ग्रामपंचायतींत यासाठी एक जुनी, उत्तम शिस्त आहे. ठराव झाला की प्रोसिडिंगच्या वहीत त्याखाली दोन नावं लिहितात, सूचक आणि अनुमोदक. ठराव कितीही छोटा असो, नळाच्या तोटीचा असो की स्मशानभूमीच्या शेडचा, तो कुणी मांडला आणि कुणी उचलून धरला, हे कायमचं नोंदलं जातं. माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडायची नाही अशी ही गोष्ट आहे, हे ती रीत घालणाऱ्यांनी ओळखलं होतं. तुम्ही जिथे जाल, त्या ऑफिसात, प्रयोगशाळेत, शाळेत, कंपनीच्या मीटिंगमध्ये ही शिस्त घेऊन जा. प्रत्येक कल्पनेखाली सूचकाचं नाव लिहा, आणि कुणी चांगलं बोलूनही ऐकू आलं नसेल, तर त्याचे अनुमोदक व्हा. यासाठी पद लागत नाही, पगार लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्या दिवसापासून हे तुम्हाला करता येईल, आणि तुम्ही ते कराल, असा विश्वास बाळगून मी तुम्हा सर्वांना पुढच्या वाटचालीसाठी भरभरून शुभेच्छा देते.